काम की कौतुक

तुम्हाला जाऊन अडतीस दिवस झाले, त्या मंगळवारी मोरिता-सानचा फोन आला: तुमच्या नावाला काय जोडायचं? आज त्रेचाळिसावा दिवस आहे, रविवार, आणि मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे.

तुमच्या शनिवारच्या वर्गातली माणसं तुमच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापताहेत. इथे तशी रीत आहे. माणूस गेला की त्याच्या सहवासातले लोक एकेक पान लिहितात आणि एकोणपन्नासाव्या दिवशी ती पुस्तिका घरी आणून देतात. अकरा जणांची पानं आली, माझंच राहिलं. ते जपानीत द्यायचं आहे आणि मी देईनच, पण तुमच्याशी जपानीत बोलायची मला सवय नाही. म्हणून आधी हे मराठीत. याची एक प्रत टोरांटोला जाईल, आपल्या नातवंडांसाठी, रेवा आणि ईशानसाठी. त्यांना मराठी ऐकून समजतं, वाचायला वेळ लागतो. लागू दे. त्यांच्यासाठी तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे, तेवढ्या तुम्ही सोडून द्या.

मोरिता-सान म्हणजे तुमच्या वर्गाच्या मॉनिटर. सारा जन्म वॉर्ड ऑफिसात अर्ज तपासण्यात गेला, त्यामुळे मुखपृष्ठाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडेच घेतली. "नुसतं नाव छापलं तर पाणीपट्टीची नोटीस वाटेल," त्या म्हणाल्या. "नावाखाली 'हाकासे' लिहू ना?"

हाकासे म्हणजे पीएच.डी. झालेला डॉक्टर. तुम्ही गेल्यावर मुक्तानं वर्गाला इंग्रजीत मेल पाठवली होती, तिच्यात 'माझे वडील डॉ. अरविंद काळे' असं होतं. त्यावरून.

"शनिवारी वर्गात येऊन सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्ही असता तर फोनवरच 'नाही' म्हणाला असता.

आपण ओसाकाला आलो ते तुमच्या डॉक्टरेटसाठी. जुनं ब्राँझ कसं गंजतं, हा विषय. एका संग्राहकानं वीतभर उंचीची, इजिप्तच्या ओसायरिस देवाची मूर्ती लॅबला तपासायला दिली होती. तुम्ही तिच्यातलं कथिल मोजायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच काम होतं. पण मूर्तीच्या पायथ्याशी बारीक चित्रलिपीत एक ओळ होती. तुम्ही विचारलंत, यात काय लिहिलंय? कुणीतरी सांगितलं, मूर्ती वाहणाऱ्याचं नाव आणि त्याचं पद. कुठलं पद, ते त्यालाही सांगता येईना. झालं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते चिन्हांची वही घेऊनच. दोन वर्षांनी तुम्हाला ती ओळ वाचता येत होती आणि प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर थांबला होता. मार्गदर्शक निवृत्त झाले, नवे आले, त्यांनी नवा विषय घ्यायला सांगितलं. तुम्ही वाकून आभार मानलेत आणि पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी धरलीत. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलात. निवृत्तीनंतर वॉर्डाच्या सभागृहात दुसऱ्या मजल्यावर शनिवारचा वर्ग सुरू केलात, प्राचीन इजिप्तची लिपी शिकवायचा. शेजारच्या खोलीत फुलांच्या मांडणीचा, इकेबानाचा वर्ग.

हे सगळं मी आता एका दमात लिहिलं. तेव्हा मात्र मी रागाने पुण्याला तीन पत्रं लिहून फाडली होती. माझ्या माहेरी मी सांगून बसले होते की हे परत येतील ते डॉक्टर होऊनच.

तुमचा विषय मी शिकले नाही, पण तुमचं काम केलं. देवांची, राजांची, अधिकाऱ्यांची शिलालेखांतली बिरुदं तुम्ही कार्डांवर उतरवायचात आणि मी ती टाइप करायची. मग जेवणाच्या टेबलावर दोन पेट्या. ज्या बिरुदामागे खरोखर काही करावं लागे ते पहिल्या पेटीत, नुसता मान असेल ते दुसऱ्या पेटीत. मी कार्ड वाचायचं आणि तुम्ही निवाडा द्यायचा: काम की कौतुक.

"राजाच्या उजव्या हाताला पंखा धरणारा," मी वाचलं होतं. "काम."

"कौतुक."

"पंखा धरणं काम नाही? तासभर धरून बघा."

"हा माणूस अख्खा प्रांत सांभाळायचा. त्याला पंखा धरायला वेळ कुठला?"

"मग खरा पंखा कोण धरायचं?"

"ज्याचा शिलालेख नाही तो."

दुसऱ्या एका दिवशी 'एकमेव मित्र' निघाला. राजाचा एकमेव मित्र.

"एकमेव म्हणताय आणि हे सतरावं कार्ड आहे," मी म्हटलं.

"मान वाटायला लागले की असंच होतं. नुसतं 'राजाचा परिचित' पुरेना, तेव्हा काही जण 'राजाचा खरा परिचित' लिहायला लागले."

"म्हणजे बाकीचे खोटे?"

"खोटे कशाला? ओळख असेल. राजाला आठवत नसेल."

राजे आणि देव या दोन पेट्यांत बसेनात. अर्धा देश हातातून गेलेला राजाही स्वतःला 'दोन्ही भूमींचा स्वामी' म्हणवून घ्यायचा. मी म्हटलं हे धडधडीत खोटं आहे, तुम्ही म्हणालात राजाचं तेच काम असतं. मग तिसरी पेटी आली. तिच्यात अनुबिस देवाचं 'आपल्या डोंगरावरचा' गेलं, कारण ते काम नाही, कौतुकही नाही, तो पत्ता आहे, हे माझं म्हणणं तुम्हाला पटलं. सकाळी मी विष्णुसहस्रनाम म्हणत असले की तुम्ही चहा घेऊन दाराशी उभे राहायचात आणि मध्येच म्हणायचात, "हे कौतुक." मी हातानेच गप्प करायचे.

आणि 'घराची स्वामिनी'. कबरींतल्या जवळजवळ प्रत्येक बायकोच्या नावाआधी ते असतं. तुम्ही न बघताच "कौतुक" म्हणालात. मी कार्ड खाली ठेवलं आणि भांडी घासायला उठले. त्यावर तुमचं माझं बोलणं झालं नाही. आठवड्याने पेटी झाडताना ते कार्ड कामाच्या पेटीत दिसलं. तुमचा स्वतःचा नियम असा की दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय कार्ड हलवायचं नाही. ते एक तुम्ही पुराव्याशिवाय हलवलंत. मी पाहिलं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

त्या नियमावर तुम्ही फार कडक होतात. माणसानं आपल्या कबरीत स्वतःबद्दल लिहिलेला शब्द तुम्हाला पुरत नसे. मुलानं बापाच्या दगडावर लिहिलेलंही पुरत नसे. अशा दगडावर खाली एक ठरलेली ओळ असते, 'त्याचं नाव जिवंत ठेवणारा त्याचा मुलगा'. तुम्ही म्हणायचात, "मुलगा प्रेमळ होता, एवढंच यातून सिद्ध होतं. तिसऱ्या कुणी लिहिलेलं दाखव."

आता मुक्ताच्या लग्नाचं. हे मुलांनी नीट वाचावं.

पत्रिका पुण्यात माझ्या भावानं छापून घेतल्या. मजकूर मी इथून पाठवला होता. 'डॉ. व सौ. अरविंद काळे यांची सुकन्या'. तुम्हाला दाखवला नाही. आपण पुण्यात पोचलो तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. तुम्ही एक हातात घेतलीत, वाचलीत, उलटी करून मागची बाजूही बघितलीत आणि म्हणालात, "हे कुणी लिहिलं?"

"प्रेसवाल्यानं घातलं असेल," मी म्हटलं.

कार्यालयात लोक भेटायला रांगेनं येत होते. "डॉक्टरसाहेब, अभिनंदन!" आणि तुम्ही प्रत्येकाला, हात हातात धरून, "मी डॉक्टर नाही. कंपनीत धातू तपासतो." आमचे नानाकाका ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, "तपासता ना? मग डॉक्टरच की!" त्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. खुर्ची ओढून, शेजारी बसून समजावलंत. मी शालू नेसून दोन पावलांवर उभी होते. माझ्या वहिनीचा चेहरा मला दिसत होता.

परतीच्या विमानात बसलो. तुम्ही खिडकीची जागा मला दिलीत. बऱ्याच वेळाने विचारलंत, "तुला ते हवं होतं का गं?" मी म्हटलं, "मला झोप येतेय."

झोप येत नव्हती. उत्तर देते: हो, हवं होतं. प्रबंध तुम्ही सोडलात आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटायचं ते सगळं माझ्या वाट्याला आलं. प्रेसवाल्याचा त्यात काही संबंध नव्हता, आणि तुम्हाला ते त्याच क्षणी कळलं होतं, कारण माझ्या मजकुरात स्वल्पविराम कुठे असतो ते तुम्हाला चांगलं माहीत. तरी तुम्ही कधी तोंडावर म्हटलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. मात्र नानाकाकांना सोडायला हवं होतं, हे माझं मत अजून तेच आहे. तुमचं बरोबर होतं, पण ती जागा नव्हती. याच्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि तेही मला पटलेलं नाही.

पुढे तुम्ही हरलातच. पुण्यात तुम्ही 'डॉक्टर' राहिलात, कारण तुम्ही तिथे नव्हतात आणि पत्रिका होती. मुक्तानंही मग हळूहळू तेच म्हणायला सुरुवात केली. आणि तिच्याकडून मुलांनी घेतलं.

आता पुण्याहून जी पत्रं येताहेत त्यांच्यावर तुम्ही 'कै. डॉ.' आहात आणि मी 'श्रीमती'. सौ. गेलं. पोस्टाच्या पाकिटावर एवढ्या चटकन बदली होते याची कल्पना नव्हती. तुम्ही सांगायचात की इजिप्तमध्येही मेलेल्याच्या नावाला 'खऱ्या वाणीचा' असं जोडतात, ते आपलं कै. आहे. मी म्हणायचे, तसं नाही, ते नावाच्या मागून जोडतात. आपण माणूस मेल्याचं आधी सांगतो आणि मग त्याचं नाव. ते आधी नाव घेतात. ही चर्चा तुमच्या दवाखान्यात जाण्यामुळे अर्धी राहिली.

मंगळवारीच मी मुक्ताला फोन केला. तिच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"आई, बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं," ती म्हणाली. "एक 'डॉ.' लिहिलं तर काय बिघडतं? कोण तपासायला येणार आहे?"

"बाबा."

"आई, प्लीज."

"बरं. मी तपासणार आहे."

"तू? माझ्या पत्रिकेवर कुणी छापलं होतं? प्रेसवाल्यानं?"

मग तिचा आवाज उतरला. म्हणाली, "रेवानं शाळेत सगळ्या वर्गासमोर सांगितलंय, माय ग्रँडफादर, डॉक्टर काळे. पोस्टर केलंय. तिला आत्ता हे सांगायचं? बाबांना जाऊन सव्वा महिना झालाय. तिला वाटेल आजोबा खोटं बोलत होते."

चार दिवस मी तेच घेऊन फिरले. मुखपृष्ठावर 'हाकासे' छापलं तर तुम्ही ज्याला आयुष्यभर नाही म्हणालात तेच तुमच्या नावाखाली राहणार, तेही तुमच्याच विद्यार्थ्यांच्या हातून, म्हणजे तिसऱ्या कुणाच्या पुराव्यासकट. आणि नाही छापलं तर अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात तुम्ही खोटे ठरणार. एक चूक माझी, आणि दोन्ही बाजूंनी भोगायची ती तुम्ही.

शनिवारी वर्गात गेले. दाराबाहेर सगळ्यांच्या चपलांची रांग, आत बार्लीचा गार चहा. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. मी बसले. मुखपृष्ठाचा नमुना मोरिता-साननी समोर ठेवला. तुमचं नाव, आणि त्याखाली पेन्सिलीनं आखलेली रिकामी चौकट.

ओकुदा-सानना धीर नव्हता. किल्ल्यांचं दुकान चालवलेला माणूस, वय ब्याऐंशी, वर्गात सगळ्यांत मोठा आवाज. "'सेन्सेई' लिहा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. सेन्सेई म्हणजे सर, गुरुजी.

"सेन्सेई हे काम की कौतुक?" मी विचारलं.

तुमच्या वर्गाला मराठीतले हे दोनच शब्द येतात, तुम्ही शिकवलेले. अकरा जण विचारात पडले.

"दाताच्या डॉक्टरला सेन्सेई म्हणतात," मोरिता-सान म्हणाल्या.

"आणि आमदारालाही!" ओकुदा-सान ओरडले. "कौतोकु! कौतोकु!"

सगळे हसले, मीही हसले. हसणं थांबायच्या आत बोलून टाकलं. म्हटलं, "काळे हाकासे नव्हते. त्यांनी प्रबंध पुरा केला नाही. आमच्या घरात तसं म्हणतात, ते माझ्यामुळे."

मोरिता-साननी पेनाला टोपण लावलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला माहीत आहे."

"कसं?"

"दर एप्रिलला नवीन कुणी वर्गात आलं की सेन्सेई पहिल्या तासाला सांगायचे. मी हाकासे नाही. शेजारच्या खोलीत इकेबाना शिकवणाऱ्या बाईंकडे खरं सर्टिफिकेट आहे, ज्याला तसं हवं असेल त्यानं तिकडे जावं."

"एक जण गेलासुद्धा," ओकुदा-सान म्हणाले.

"मग मला 'हाकासे लिहू ना' असं विचारलंत कशाला?"

मोरिता-सान अवघडल्या. "मुक्ता-सानच्या पत्रात होतं. घरच्यांची तशी इच्छा असेल असं वाटलं. इच्छा असती तर आम्ही लिहिलं असतं."

अहो, ही माणसं तुम्ही दोन पुरावे मागायला शिकवलेली. माझ्या इच्छेखातर ती एकाही पुराव्याशिवाय छापायला निघाली होती, आणि कुणी एका शब्दानं मला ते जाणवू दिलं नसतं. मी चहा प्यायले.

मग ओकुदा-साननीच सोडवलं. "काम विचारताय ना? काम काय होतं त्यांचं इथे? शनिवारी शिकवायचे."

मोरिता-साननी चौकटीकडे बघितलं. पदवीच्या जागी वाक्य लिहायचं, हे त्यांच्या ऑफिसात कधी चाललं नसतं. त्यांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "हजेरीपट आहे. तपासता येतं."

मुखपृष्ठावर तेच जातंय. काळे अरविंद, आणि खाली, शनिवारी शिकवत असत.

आज सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारची संध्याकाळ, मी टोरांटोला फोन लावला. मुक्तानं उचलला. मी म्हटलं, "रेवाला दे. मी सांगते, तू ऐक." तिनं वाद घातला नाही, हे तिच्या स्वभावात नाही, म्हणून इथे नोंदवते.

रेवाला मी सगळं सांगितलं, पत्रिकेपासून. प्रेसवाल्याचंही.

"सो आजोबा वॉझन्ट अ डॉक्टर," ती म्हणाली.

"नाही."

"डिड ही एव्हर से ही वॉझ?"

"कधीच नाही. लग्नात शंभर लोकांना 'मी डॉक्टर नाही' म्हणून सांगत होते."

"देन यू मेड इट अप."

"हो. मी."

"व्हाय?"

"मला लोकांसमोर मिरवायचं होतं."

मागे टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केला असावा.

"रागावलीस?" मी विचारलं.

"अ लिटल."

"आजोबांवर?"

"नो, आजी. ॲट यू."

बरं वाटलं हो मला. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं.